दोनशे बारा क्रमांकाची नोंद

अल नस्र, दोहा
१३ जानेवारी २०२३

प्रिय आसावरी,

फोनवर तुझ्या तुटक्या नेटवर्कशी भांडत बसण्यापेक्षा हे बरं. रविवारी कंपनीच्या ऑफिसात इंटरनेटपुढे बसलीस की सावकाश वाच. फ्लाइंग क्लबच्या होस्टेलमध्ये एका खोलीत राहूनही आपण एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो, तेव्हा सवय आहेच.

वर्ल्ड कप संपून महिना होत आला आणि दोहा एकदम पाहुणे गेलेल्या घरासारखं झालंय. श्याम पहाटे प्लँटच्या बसने जातो, मग ईरा शाळेला जाते, मग मी आणि एसीची घरघर. गेल्या आठवड्यात माझं ओळखपत्र नवीन होऊन आलं. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी'. अठरा वर्षं तेच लिहिलेलं आहे, पण या वेळी मी ते वाचलं.

सांगायचं होतं ते वेगळंच. त्या दिवशी नुसतीच व्हिडिओ बघत होते. बुश फ्लाइंगचे, म्हणजे जिथे टॉवर नाही, डांबर नाही, नुसतं गवत नाहीतर माती आहे, तिथे छोटं विमान उतरवायचं. तुझं रोजचं काम. पापुआतला एक जण डोंगराच्या उतारावर चढाच्या बाजूने उतरत होता. त्याच्यापेक्षा मी खालच्या कॉमेंट्समध्येच रमले. एकाने विचारलं होतं, पावसात हे गवत निसरडं होतं का? त्याला अलास्काच्या माणसाने उत्तर दिलं होतं. नामिबियाचा एक जण म्हणत होता, आमच्याकडच्या एका धावपट्टीवर मधोमध वारूळ उगवलंय, कुणाला कळवू? आसा, सगळे वैमानिक, आणि एका परक्या व्हिडिओखाली उभे राहून एकमेकांना हाका मारतायत. उत्तर मिळालं तर मिळालं.

मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. पट्टीचं नाव, लांबी, कोण काय म्हणालं. मग कंप्यूटरवर नीट मांडलं आणि त्याच कॉमेंट्समध्ये लिहिलं, तुमची माहिती एकत्र केली आहे, इथे बघा. चार दिवसांत एकवीस जण आले.

तुझ्या पट्ट्या सांगशील? इतक्या वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठून काहीतरी करायचं आहे असं वाटतंय.

तुझी
मृणालिनी


इरिंगा, टांझानिया
५ फेब्रुवारी २०२३

मृणाले,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग आमच्या मेकॅनिकला दाखवलं. त्याला मराठी येत नाही, तरी दाखवलं.

अगं बाई, हे जे तू केलंयस ना, ते इथे कुणीच करत नाही. नव्या पोराला पट्टी कशी समजते माहितीय? जुना पायलट बिअर पिताना बोलला तर. नाही बोलला तर जाऊन बघायचं. मी अठ्ठावीस पट्ट्यांची माहिती पाठवतेय. पण करायचं तर नीट कर.

जो स्वतः उतरलाय त्यानेच लिहायचं. ऐकीव नाही, नकाशावरून नाही. उतरल्यावर पट्टी पायी चालून पावलांनी मोजायची, टाच रुतते का बघायची. कुठल्या तारखेला उतरलो ते लिहायचं. तारीख नसेल तर नोंद घ्यायचीच नाही, नोंद भरायचा फॉर्म करशील त्यालाच तसं सांगून ठेव. आणि नावं नकोत गं, क्रमांक दे. आमच्या कंपन्यांना कळलं ना, की त्यांचा पायलट जगाला सांगतोय अमुक पट्टी धोक्याची आहे, तर पहिला तोच घरी. कुठला क्रमांक कुणाचा ते एकट्या तुला ठाऊक असू दे. तुझ्यावर माझा भरवसा आहे, बाकी कुणावर नाही.

आणखी एक. तू उडवत नाहीस हे तिथे बोलू नकोस. कतार म्हटलं की सगळे समजणार बाई मोठ्या विमानाची कॅप्टन आहे. समजू दे की! ही जात जमिनीवरच्या माणसाचं काही ऐकत नाही. ऐकलं नाही तर तुझी वही गेली कचऱ्यात.

नाव काय ठेवलंस? 'चावडी' ठेव. अलास्कावाल्याची जीभ वळते का बघू.

आसा


अल नस्र, दोहा
१ मार्च २०२४

प्रिय आसा,

तो 'च्यावडी' म्हणतो. आता सगळेच तसं म्हणतात.

तीनशे चाळीस पट्ट्या झाल्या. पावणेदोनशे माणसं. नामिबियावाल्याच्या वारुळाची नोंद वाचून एकीचं विमान वाचलं, तिने फोटो पाठवला, वारुळाशेजारी उभी राहून हसते आहे. मी तो मोठा करून बघत बसले. ईराने मागून विचारलं, "हू इज शी?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण." तर म्हणे, "हॅव यू एव्हर मेट हर?"

एक नियम मी माझा म्हणून घातला आहे. चावडीवर कुणाचा प्रश्न रात्रभर उपाशी ठेवायचा नाही. कुणी विचारलं की मी त्या भागातल्या चौघांना निरोप धाडते, उत्तर मिळवते, मगच झोपते. श्याम म्हणतो, "यल्ला, चला कॅप्टन, जेवायला वाढा." चिडवतो, पण चांगल्या मनाने.

मागच्या आठवड्यात अलास्कावाल्याने विचारलं, तुमचे उड्डाणाचे एकूण किती तास झाले? मी लिहिलं, फार नाहीत. त्याने उत्तर दिलं, जे खरे असतात ते असंच म्हणतात. आसा, माझे दोनशे सात तास आहेत. शेवटचा तास दोन हजार पाच सालचा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सांगून टाकू का?

तुझी
मृणालिनी


इरिंगा
६ ऑक्टोबर २०२४

मृणाल,

मार्चच्या पत्राला ऑक्टोबरात उत्तर, मला शिव्या घाल. पाऊस, मग मलेरिया, मग आणखी काम.

नको सांगूस. चाललंय ते चालू दे. कुणाचं काय नुकसान होतंय?

एक पोरगं पाठवतेय तुझ्याकडे. कुशल. सिन्नरचा आहे, चोवीस वर्षांचा. भारतात नोकरी नाही, लायसन्सचा कागद घेऊन दोन वर्षं बसला होता, शेवटी इथे आला. आमच्याच कंपनीत. मला 'आसाताई' म्हणतो आणि माझ्या डब्यातली भाकरी खातो. हात चांगला आहे त्याचा, पण घाई फार. चावडीच्या नोंदी पाठ करतो लेकाचा, परीक्षेला बसल्यासारखा. मला विचारत होता, "ताई, नंबर एक कोण आहे?" मी म्हटलं, "आहे एक मोठी बाई. तिचं ऐकत जा."

डिसेंबरात मी महिनाभर कोल्हापूरला जाणार. तेवढे दिवस त्याच्याकडे लक्ष ठेव.

आसा


इरिंगा
१५ डिसेंबर २०२४

मृणाल,

तुला कळलं असेलच. चावडीवर आलं आहे. मी रजा अर्धवट सोडून परवा परत आले.

कुशल गेला. मंगळवारी सकाळी म्कोंगेला उतरताना. त्या पट्टीवर आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नव्हतं. मिशनच्या दवाखान्याला लशींचे खोके द्यायचे होते, एकटाच होता. टेकताच पुढचं चाक मातीत गेलं आणि विमान पाठीवर उलटलं. काल मी गाडीने आठ तास जाऊन ती जागा बघून आले. काळी माती आहे, मृणाल. वर बोटभर सुकलेली, खाली लोणी. मी चालले तर घोट्यापर्यंत पाय गेला. डिसेंबर म्हणजे इथला पावसाळा, त्यात तिथे बैलगाडी कुणी घालणार नाही.

आणि त्याच्या गुडघ्याला बांधायच्या पाटीवर चावडीची नोंद लिहिलेली होती. त्याच्याच अक्षरात. 'सातशे मीटर. सपाट. कडक वाळू. डिसेंबरातही चालते. सभासद २१२, उतरल्याची तारीख ३ डिसेंबर.'

तीन डिसेंबरला तिथे कोणीही उतरलेलं नाही. दवाखान्याच्या सिस्टरला विचारलं. दोन वर्षांत एकही विमान आलेलं नाही म्हणाली.

दोनशे बारा कोण आहे? मला नाव हवं. तूच सांगू शकतेस. कुणी हरामखोर घरी बसून फोटो बघून लिहितो आणि पोरं मरतात. तू सगळ्यांना जीव लावतेस, कुणाला उघडं पाडायला तुला जड जाईल, मला माहीत आहे. तरी सांग.

त्याची आई फोनवर एवढंच विचारते, "त्याला तिथे उतरायला कोणी सांगितलं?" मी काय सांगू?

आसावरी


दोहा
१९ डिसेंबर २०२४

प्रिय आसा,

चार दिवस रोज लिहायला बसते आहे.

तो क्रमांक मी तपासला. तो सभासद आता चावडीवर नाही. सोडून गेला. जाताना त्याची माहितीही पुसली गेली, माझ्याकडे नाव राहिलेलं नाही. ती नोंद मी काढून टाकली आहे.

तू जेवतेस ना? त्याच्या आईजवळ कुणी आहे का?

मृणालिनी


इरिंगा
२६ जानेवारी २०२५

मृणाल,

तुझ्याकडे नाव नसलं तरी मला मिळालं.

तू म्हणालीस, तो सोडून गेला. मग मी बसून विचार केला, गेल्या दोन-तीन महिन्यांत चावडी कोणी सोडली? आमच्या भागातला एकच. वरुण. शेजारच्या कंपनीत आहे, नागपूरचा. डिसेंबरात, मी कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी, माझ्याशी कशावरून तरी भांडला आणि म्हणाला, तुमची चावडी तुम्हालाच लखलाभ. त्याची कंपनी म्कोंगेच्या बाजूला जाते. सगळं जुळतं.

मी चारचौघांत विचारलं. तो नाही म्हणाला. मी त्याच्या चीफ पायलटला सांगितलं. आता दोन आठवडे त्याचं उडणं बंद आहे, चौकशी चालू आहे, इथल्या मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही. परवा रस्त्यात गाठून म्हणाला, "आसावरी, मी तिथे गेलोच नाही, तर लिहीन कसा?" मी म्हटलं, "तेच तर. न जाताच लिहिलंस." तो रस्त्यातच रडायला लागला. मला दया आली नाही. मला वाटलं होतं, नाव मिळालं की बरं वाटेल. वाटत नाही. कुशलच्या खोलीत त्याचे बूट आहेत, ते कुणाला द्यायचे हेही ठरत नाही माझ्याच्याने.

त्याच्या आईला वरुणचं नाव अजून कळवलेलं नाही. या आठवड्यात कळवीन.

आसावरी


अल नस्र, दोहा
३१ जानेवारी २०२५

आसावरी,

वरुणचं नाव कळवू नकोस. दोनशे बारा मी आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, कपडे वाळत घातले, परत आले. ते अजून इथेच आहे, तेव्हा पुढचं लिहिते.

नऊ डिसेंबरला कुशलने चावडीवर तीनदा विचारलं. म्कोंगेबद्दल कुणाला काही माहीत आहे का? मी नेहमीप्रमाणे चौघांना निरोप दिले. दोघांचं उत्तर आलं नाही, दोघे म्हणाले माहीत नाही. तू प्रवासात होतीस, तुझा फोन लागला नाही. संध्याकाळी त्याने मला एकटीला लिहिलं, मराठीत. "मॅडम, उद्या सकाळी निघायचंय. आमचा चीफ म्हणतो, जाऊन बघ. तुम्ही तरी सांगा, मग मला धीर येईल."

मला म्हणता आलं असतं, मला माहीत नाही. तीन शब्द. पण दोन वर्षांत मी ते कुणाला म्हटलं नव्हतं.

मी उपग्रहाचा फोटो उघडला. सरळ, फिकट पट्टा. पडद्यावर मोजला, सातशे मीटर. रंग फिकट म्हणजे वाळू, असं धरलं. फोटो सप्टेंबरचा होता. आसा, माझं आजोळ परभणीचं. सप्टेंबर कोरडा गेला तर काळं रान वरून राखेसारखं दिसतं आणि एका पावसात त्यात चप्पल राहते, हे मी पाचव्या वर्षापासून बघितलेलं आहे. मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, मला कळायला हवं होतं.

मग फॉर्म भरला. तारखेशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. तो तसा मीच बनवला होता. मी तिथे थांबले. मग मागच्या आठवड्यातली एक तारीख घातली. क्रमांक एकने नोंद कधी लिहिलेली नाही, लोकांना संशय येईल म्हणून नवा क्रमांक काढला. 'डिसेंबरातही चालते' हे कशासाठी लिहिलं? नोंद खरी वाटावी म्हणून. उत्तर देऊन मी शांत झोपले. हेच मला सहन होत नाही. मी अगदी शांत झोपले, एका मुलाचा प्रश्न उपाशी राहिला नाही म्हणून.

त्याने उत्तर पाठवलं होतं, "थँक्यू मॅडम, सुटलो."

तू डिसेंबरात नाव विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. ज्याच्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही असा एक माणूस मला हवा होता, म्हणून 'सोडून गेला' असं लिहिलं. खरोखर सोडून गेलेला कुणी असेल हे माझ्या मनातही आलं नाही. वरुणला मी ओळखतही नाही.

काल श्यामला सांगितलं. तो म्हणाला, "झालं ते खलास. कुणाला सांगू नकोस. माझ्या नोकरीवर आपण सगळे इथे आहोत, कुठून कुठे जाईल सांगता येत नाही." त्याच्यावर रागावू नकोस, तो घाबरला आहे. ईरा दाराशी उभी होती. ती माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही. काल बोलली. म्हणाली, "आई, तू अंदाजाने सांगितलंस?"

आज दुपारी मी चावडीवर लिहिलं आहे, नावासकट. मी उडवत नाही, वीस वर्षं उडवलेलं नाही, ती नोंद माझी आहे. वरुणच्या कंपनीलाही तेच पाठवलं, इंटरनेटवर शोधलेल्या पत्त्यावर. कुशलच्या आईला लिहायचं आहे. तिचं नाव सुद्धा मला माहीत नाही. तू सांगशील का?

मृणालिनी


इरिंगा
४ मे २०२५

मृणालिनी,

त्यांचं नाव संजीवनी. पत्ता वेगळा पाठवला आहे. तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही, ते तुझं तू लिही. त्या उत्तर देतील असं धरून चालू नकोस.

वरुणला फेब्रुवारीत परत उडायला सांगितलं. तो उडाला नाही. नागपूरला निघून गेला. मी विमानतळावर गेले होते माफी मागायला. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि बॅग उचलली. ठीक नव्हतं.

तीन महिने मी तुला लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की तुझी सगळी चूक एका बाजूला मांडता यायची नाही. उडवत नाहीस ते सांगू नकोस, असं तुला कोण म्हणालं? दोनदा म्हणालं. कुशलला 'मोठी बाई आहे, तिचं ऐकत जा' असं कोण म्हणालं? हे संजीवनीताईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." मग फोन ठेवला. आता माझा फोन त्या उचलत नाहीत.

चावडीचं काय झालं ते तू बघितलंच असशील. आधी अलास्कावाला गेला, काही न बोलता. मग रोज चार-पाच. जाताना प्रत्येक जण आपली नोंद पुसून गेला. लोक म्हणत होते, किल्ली जिच्याकडे होती तीच खोटी, तर बाकीच्या नोंदी कशावरून खऱ्या? मी म्हटलं, अरे, माझ्या अठ्ठावीस खऱ्या आहेत, मी चालले आहे त्यांवर. कुणी ऐकलं नाही. मार्चअखेर तिथे काही उरलं नव्हतं.

आता परवाचं सांगते. शुक्रवारी निरोप आला, उत्तरेला एका गावात बाळंतीण अडली आहे, विमान पाठवा. ती पट्टी माझ्या ओळखीची नाही. तिची नोंद चावडीवर होती, मला आठवतं. कुणी तरी चालून, मोजून, टाच रुतते का बघून लिहिलेली. खरी होती. त्यात पट्टीच्या कुठल्या टोकाला चिखल आणि कुठल्या टोकाला टणक, ते स्पष्ट लिहिलं होतं. एवढंच आठवतं. कुठलं टोक ते आठवत नाही.

मी वर तीन चकरा मारल्या. खाली माणसं हात हलवत होती. दोन्ही टोकं सारखीच दिसत होती. विचारायला कुणी नव्हतं. मला कुशल दिसत होता. मी नाही उतरले, मृणाल. परत फिरले. बावीस वर्षांत पहिल्यांदा माणसं खाली उभी असताना मी परत फिरले. त्यांनी तिला ट्रॅक्टरवर घातलं. ती वाटेत गेली. बाळही.

हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तू खरं बोललीस ते बरोबरच होतं, नाहीतर वरुण संपला असता. पण खरं बोलल्यावर काहीतरी नीट होईल असं मला वाटत होतं. काही नीट झालं नाही. जे चांगलं होतं तेवढं मोडलं.

तू चार ओळी लिहिल्यास तर मी त्या वाचीन. रविवारी ऑफिसात बसून, दोन-तीनदा वाचीन, मला माझी खोड ठाऊक आहे. आणि मग माझा राग जाईल. तो मला जाऊ द्यायचा नाही. त्या पोरासाठी माझ्याकडे एवढंच राहिलं आहे.

म्हणून लिहू नकोस.

आसावरी